मुंबईवालीला लाँच लागायची

आमच्या मोठ्या जाऊबाई माहेरी निघाल्या की त्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोटही घ्यायच्या नाहीत. त्यांना लाँच लागायची. मोरा बंदराच्या धक्क्यावर पोचायच्या आधीच चेहरा पिवळा पडलेला असायचा, पदराच्या टोकाला आवळासुपारी बांधलेली असायची, आणि लाँचमध्ये शिरल्या की त्या मुंबईकडे पाठ करून बसायच्या. समोर मुंबई दिसली की पोटात जास्त ढवळतं, असं त्यांचं म्हणणं. गावातल्या बायकांना याचं फार हसू यायचं. मुंबईवाली, आणि मुंबईकडेच पाठ.

मुंबईवाली हे त्यांचं गावातलं नाव. खरं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. मी त्यांना ताई म्हणायचे. आमचं घर उरणच्या बाजूला, मोऱ्यापासून जवळ, जुन्या मिठागरांच्या काठाला आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा घराभोवती मिठाचे पांढरे ढीग होते आणि वाऱ्याला वाट होती. पुढे मिठागरं भरावाखाली गेली आणि त्या जागी कंटेनर आले. एकावर एक रचलेल्या लाल-निळ्या पत्र्याच्या भिंती. आता ओट्यावर बसलं की आभाळ बघायला मान वर करावी लागते, आणि समुद्र बघायचा तर बांधावर चढावं लागतं.

ताईंच्या तोंडात "आमच्या मुंबईत" हे शब्द दिवसातून कितीदा यायचे. आमच्या मुंबईत चहा कपबशीतूनच देतात. आमच्या मुंबईत दाराला पडदा असतो. आमच्या मुंबईत कोणी उठून कोणाच्या चुलीपर्यंत येत नाही. हे शेवटचं त्या जरा जोरात म्हणायच्या, कारण आमच्याकडे शेजारणी थेट चुलीपर्यंत येतात आणि टोपावरचं झाकण उघडून बघतात. ताईंनी लग्न होऊन आल्या आल्या आपल्या खोलीला निळ्या फुलांचा पडदा लावला होता. शेजारणी तो पडदा बाजूला करून आत यायच्या आणि कापड कुठून आणलं ते विचारायच्या.

मी त्यांच्यानंतर काही वर्षांनी या घरात आले. माझं माहेर तळा गावाच्या बाजूचं, शिक्षण चौथीपर्यंत, आणि चार माणसांत तोंडातून शब्द फुटायचा नाही. सगळ्यांना वाटलं, मुंबईवाली हिला गिळून टाकणार. पण ताईंनी थोड्याच दिवसांत मला पडद्याआड बोलावून सांगितलं, "तुला बोलता येत नाही ते बरं आहे. एकदा बोललं की ते सांभाळत बसावं लागतं." मला वाटलं, मोठ्या शहरातल्या बाईचं काहीतरी शहाणपण असेल.

आमच्या सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. तरुणपणी मामा मिठाच्या पडावावर खलाशी होते. मीठ भरून पडाव मुंबईच्या बंदराला लागायचा, मीठ उतरलं की भरतीबरोबर परत. बंदराच्या फाटकाबाहेर मामा कधी गेले नाहीत. फाटकातून रस्त्याचं एक वळण दिसायचं, त्याच्या पलीकडे काय आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही, असं ते सांगायचे. त्यामुळे थोरल्या मुलाला मुंबईची बायको मिळाली याचा त्यांना झालेला आनंद कधी उतरलाच नाही. लग्नात, मयताला, एसटीत, कुठेही कोणी अनोळखी माणूस भेटला की दोन वाक्यं इकडची तिकडची व्हायची आणि तिसरं वाक्य ठरलेलं असायचं.

"आमची थोरली सून गिरगावची हाय. त्या वलनाच्या पलीकरची."

हे लग्न जमवलं थोरल्या भावोजींनी स्वतःच. ट्रेलर चालवायला लागायच्या आधी ते कल्याणच्या बाजूला एका कारखान्यात होते. मामांनी त्यांच्यासाठी दुसरीकडे शब्द दिल्यात जमा होता. भावोजींनी सांगितलं, मुलगी आपल्यातलीच आहे, आणि तिची आई गिरगावात असते. मामा दिलेला शब्द मागे घ्यायला स्वतः गेले. लग्न पनवेलच्या एका हॉलमध्ये झालं, दोघांनाही मधलं म्हणून. ताईंकडची माणसं थोडी आली आणि जेवून लवकर गेली. मुंबईच्या माणसांना वेळ नसतो, असं मामांनीच सगळ्यांना समजावून सांगितलं.

संध्याकाळचा चहा झाला की ताई मुलांना घेऊन बांधावर जायच्या. कधी मीही जायचे. पाण्यापलीकडे मुंबईचे दिवे लागत असायचे. मुलं विचारायची, तुमचं घर कुठलं. ताई बोट दाखवायच्या, आणि दरवेळी ते वेगळीकडेच जायचं. पण घराचं वर्णन मात्र कधी बदललं नाही. जिन्याला लाकडी कठडा, कठड्याच्या टोकाला पितळी गोळा, माणसांच्या हातांनी घासून घासून चकचकीत झालेला. स्वयंपाकघरात दगडी ओटा, त्याच्या कडेला एक खाच, तिच्यात बरोबर एक बोट बसायचं. मोरीत तांब्याचा बंब. दुपारी कपांचा आवाज झाला की समजायचं, पाहुणे आले.

माझं सगळं आयुष्य स्वयंपाकघरात गेलेलं, म्हणून असेल, मला एक गोष्ट जाणवायची. त्या घरातल्या बाहेरच्या खोलीचं ताई काहीच सांगत नसत. पाहुणे आलेले त्यांना कपांच्या आवाजावरूनच कळायचे. लाडकी लेक, आणि ती बाहेर जाऊन बसलीच नाही कधी? विचारायची माझी हिंमत नव्हती. आणि ताई सांगायच्या इतकं मनापासून, की ऐकताना त्या खाचेत आपलंच बोट गेल्यासारखं वाटायचं.

मुंबईवाली म्हटल्यावर गावाने त्यांना वाटाड्या करून टाकलं. कोणाला मोठ्या डॉक्टरला दाखवायचं असलं, कोणाला मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायच्या असल्या, की ताईंना बोलावणं यायचं, आणि नेमकं त्या दिवशी ताईंचं डोकं उठायचं. एकदा आमच्या गल्लीतल्या बायकांनी लाँचने मुंबादेवीला जायचं ठरवलं. दर्शन घ्यायचं आणि येताना मुंबईवालीच्या घरी चहा घ्यायचा. आदल्या दिवशी ताई माळ्याच्या शिडीवरून घसरल्या आणि त्यांचा पाय मुरगळला. बायका त्यांच्याशिवाय जाऊन आल्या. आमच्या चुलत सासूबाई आल्या आल्या पडदा बाजूला सारून म्हणाल्या, "हिचा पाय पन मुंबयवालाच गो. बरोबर टायमाला मुरगलतो."

सगळ्या हसल्या. ताईही हसल्या. पण पायाला तेल मी चोळत होते. पाय खरोखरच टम्म सुजला होता, आणि ज्या खालच्या पायरीवरून त्या घसरल्या ती इतकी बुटकी आहे की तिच्यावरून लहान मूलही पडत नाही. मी तशीच चोळत राहिले.

खरं काय ते मला पनवेलच्या स्टँडवर कळलं. मी तळ्याहून परत येत होते आणि उरणच्या गाडीची वाट बघत उभी होते. ताईही त्याच सुमाराला माहेरी गेलेल्या होत्या आणि संध्याकाळच्या लाँचने यायच्या होत्या. आमचे हे त्यांना आणायला मोऱ्याला जाणार होते. तेवढ्यात एक गाडी येऊन समोर थांबली आणि तिच्यातून ताई उतरल्या. डोक्यावरून पदर घेतलेला, हातात नेहमीची पिशवी. मला पाहिल्यावर त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग त्यांनी गाडीच्या पाटीकडे मान वळवली.

"चौथी शिकलीस ना तू. काय लिहिलंय त्याच्यावर?"

पाटीवर कल्याण लिहिलेलं होतं.

"जोडाक्षर हाय ताई," मी म्हटलं. "मला न्हाय वाचता येत."

त्या हसल्या नाहीत. पदराची गाठ सोडून त्यांनी आवळासुपारीचे दोन खडे माझ्या हातावर ठेवले. उरणला उतरलो तेव्हा मी सरळ घरी आले आणि त्यांनी मोऱ्याची रिक्षा केली. लाँच धक्क्याला लागली, माणसं उतरली, त्यांच्यात त्या मिसळल्या आणि आमच्या ह्यांच्या टेम्पोत बसून दिवेलागणीला घरी आल्या. "आज लाँच फार हलत होती," असं त्यांनी मामांना सांगितलं आणि त्या पडद्याआड जाऊन झोपल्या.

येताना हे जमायचं. जाताना पोचवायला घरचं माणूस धक्क्यावर यायचं, आणि लाँच सुटेपर्यंत हात हलवत उभं राहायचं, म्हणून जाताना समुद्र चुकत नव्हता. मोऱ्याहून भाऊचा धक्का, तिथून रेल्वे, मग मुंबई मागे टाकत उलट वर कल्याणपर्यंत, आणि त्याच्याही पुढे शहाड. शहाडला नदीकाठच्या एका कारखान्याच्या मागच्या चाळीत ताईंची आई राहायची. उरणहून पनवेल आणि पनवेलहून कल्याण, अशा दोन गाड्या बदलल्या असत्या तर हीच आई दुपारच्या जेवणाला भेटली असती. पण लग्नापासून ताई तिच्याकडे पोटातलं सगळं समुद्रात ओतूनच पोचत होत्या.

एका पावसाळ्यात मात्र हा रस्ताच बंद झाला. समुद्र खवळला होता, मोऱ्याला धोक्याचा बावटा लागला होता, लाँच बंद. त्याच दिवसांत ताईंच्या भावाचा फोन आला की आईचं काही खरं नाही, लगेच ये. भावोजी ट्रेलर घेऊन गुजरातेत होते. मामांनी आमच्या ह्यांना टेम्पो काढायला सांगितला. वाशीवरून रस्त्याने जाऊ, गिरगाव काही लांब नाही, असं म्हणून ते आत गेले, आणि इस्त्रीचा सदरा आणि पांढरी टोपी घालून बाहेर आले.

"मी पन येतो. विहिनीला बघीन. लग्नानंतर भेटच न्हाय."

ताई म्हणाल्या, "नको. लाँच सुटेल."

मामांना वाटलं, सून भिडेने नको म्हणते आहे. त्यांनी पुन्हा समजावलं. ताई पुन्हा तेच म्हणाल्या. दुपारी त्या एकट्याच मोऱ्याला जाऊन आल्या, चिंब भिजून. बावटा तसाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. टेम्पो दारात उभा होता. मामांनी सदरा बदलला नव्हता, टोपी उतरवली नव्हती. ते ओट्यावर तसेच तयार होऊन बसलेले, सून कधी हो म्हणते याची वाट बघत. शेजारणी कुजबुजायला लागल्या होत्या. आई मरायला टेकली आणि हिला लाँचच हवी. टेम्पोत बसली तर मुंबईवालीची साडी चुरगळेल.

मी पडदा सारून आत गेले. ताई भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या, ओल्या कपड्यांनी. माझं मनगट धरून म्हणाल्या, "मामा किती चांगले आहेत गं. ते मला दारात नेतील. अगदी दारात नेऊन सोडतील."

मी बाहेर आले. या घरात येऊन मला इतकी वर्षं झाली होती, पण मामांसमोर उभं राहून मी कधी बोलले नव्हते. जे सांगायचं ते ह्यांच्याकडून किंवा ताईंकडून.

"मामा, ताईंना मी नेते. एसटीनं."

मामा माझ्याकडे बघतच राहिले. आमचे हेही.

"तू? तुना मुंबय ठाव हाय?"

"ताईंना ठाव हाय." मग पुढचं सुचलं तसं बोलले. आजाऱ्याची खोली लहान आहे, बाप्या माणसांची गर्दी झाली तर तिला आवरून बसावं लागेल, बायकाबायकाच जाऊन येतो.

मामांनी विचार केला. टोपी काढली, तिची घडी नीट केली.

"जा. पोचल्यावर फोन करा. आनि विहिनीला सांग, मी निंगालो व्हतो."

पनवेलला कल्याणची गाडी लागलेलीच होती. कंडक्टर आला तेव्हा ताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्याने दोनदा विचारलं. शेवटी मीच म्हटलं, "दोन कल्याण." ते ऐकल्यावर ताईंच्या डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं ते बराच वेळ थांबेना. गाडी डोंगराच्या कडेने चालली होती आणि त्या हळूहळू सांगत होत्या. आई गिरगावात एका घरी भांडी-धुणं करायची, रोज शहाडहून जाऊन. शाळेला सुट्टी लागली की मुलीला बरोबर न्यायची आणि स्वयंपाकघराच्या ओट्याखाली बसवून ठेवायची. तिथे बसलं की ती खाच बरोबर डोक्यावर यायची. भावोजींनी लग्नाआधी विचारलं होतं, तुझी आई कुठे असते, आणि त्यांनी सांगितलं होतं, दिवसभर गिरगावात. तेवढंच भावोजींनी मामांना सांगितलं. खोटं कोणीच बोललं नव्हतं, अर्धं राहून गेलं होतं.

"त्या घरात मला एकच सांगितलेलं," ताई म्हणाल्या. "बाहेरच्या खोलीत यायचं नाही. मी कधी गेले नाही. ते लोक वाईट नव्हते हं. मला लाडू द्यायचे."

शहाडला उतरून चाळीपर्यंत गेलो. बोळात पाणी साचलेलं, विटांवर पाय ठेवत जावं लागत होतं. दारात बायका जमल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने आम्हाला पाहिलं आणि आत तोंड करून सांगितलं, "मावशी, बघा कोण आलंय. तुमची मुंबईवाली आली."

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.

ताईंच्या आईने चाळीत सांगून ठेवलं होतं की लेक मुंबईला दिली, समुद्रासमोर घर आहे. उरण सांगितलं असतं तर पुढे दहा प्रश्न आले असते, आणि मिठागर सांगितलं असतं तर कोणी कौतुकही केलं नसतं. म्हणजे इथेही ताईंना मुंबईचं विचारत होते आणि इथेही त्या सांगत होत्या. इतकी वर्षं त्या एका मुंबईतून निघून दुसऱ्या मुंबईत जात होत्या, आणि आपल्या घरी अशा कुठेच पोचत नव्हत्या. जी बाई मघाशी बोलली तिने मला पाणी आणून दिलं आणि आदराने विचारलं, "तुम्ही पण मुंबईच्याच का?"

ताईंची बोटं माझ्या हातावर घट्ट झाली.

"व्हय," मी म्हटलं. "आमचं घर समुद्रासमोर हाय."

आई शुद्धीवर होती. तिने लेकीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. बोलायची ताकद नव्हती, तरी मी कोण ते कळल्यावर तिने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, लेकीला सांभाळ असं सांगेल.

"मामंजींना कळलं का?" तिने विचारलं.

"न्हाय," मी म्हटलं.

"मग बरं."

मी मामांचा निरोप सांगितला. ते निघाले होते, सदरा-टोपी घालून बसले होते. तिने डोळे मिटले आणि तिच्या तोंडावर थोडं हसू आलं, किंवा मला तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी उजाडताना ती गेली.

तिसरा झाल्यावर आम्ही परत आलो, तेव्हा ओट्यावर भाऊकी जमली होती. सुनेची आई गेली की सासरच्या माणसांनी दहाव्याला जायचं, दुखवटा न्यायचा, ही आमची रीत. मामांनी साडी आणि टॉवेल-टोपी आणून ठेवली होती, आणखी एक टेम्पो ठरवला होता. त्यांना फक्त पत्ता हवा होता. सगळ्यांच्या समोर त्यांनी ताईंना विचारलं, कुठल्या रस्त्याने जायचं.

ताई उभ्या होत्या. मला वाटलं, आता सांगतील. त्यांच्या ओठांवर आलंही असेल. त्यांनी मामांच्या मांडीवर ठेवलेली ती साडी पाहिली, जमलेली माणसं पाहिली आणि म्हणाल्या, "येऊ नका कोणी. आमच्या मुंबईत एवढी माणसं दाराशी आलेली चालत नाहीत."

मामांनी विचारलं, "आमी खेरवल मानसं म्हनून?"

ताई पडद्याआड गेल्या. मामांनी साडी परत पिशवीत घातली. त्या दिवसापासून ताईंनी चहा समोर ठेवला की ते म्हणायचे, "धाकटीला आनू दे."

मी ताईंना बांधावर गाठून खूप सांगितलं. सांगून टाका, मामा रागावतील, दोन दिवस बोलणार नाहीत, पण तुम्हाला गर्विष्ठ समजतात ते तरी थांबेल. ताई कंटेनरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"मला हसले तर चालेल गं," त्या म्हणाल्या. "पण गिरगाव गावभर कोणी सांगितलंय? मी नाही, मामांनी. लोक त्यांना हसतील. या वयात त्यांना तोंड लपवायला लावू?"

आणि खरंच, घरात ताईंच्या हातचा चहा न घेणारे मामा बाहेर कोणी भेटला की तिसरं वाक्य तेच बोलायचे. सून गिरगावची. वळणाच्या पलीकडची.

पुढे मामांनी चहा घ्यायला सुरुवात केली. कधी ते मला नक्की आठवत नाही, राग हळूहळू झिजतो तसा झिजला. पण ताई बांधावर बोट दाखवायच्या थांबल्या त्या थांबल्याच. भावाने शहाडची खोली विकली, माहेर संपलं, ताईंची लाँचही संपली. मग समुद्रावरून पूल झाला, उरणला रेल्वे आली, आणि घरातली मुलं सकाळी मुंबईला जाऊन संध्याकाळी परत यायला लागली. एकदा माझ्या मुलाने त्यांना म्हटलं, मोठी आई, मी गिरगावात जाणार आहे, तुझं घर सांग, फोटो काढून आणतो. ताईंनी सांगितलं की ती इमारत पाडली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. खोटं बोलल्या म्हणून नव्हे. मला वाटतं, तो पितळी गोळा, ती खाच, हे सगळं त्यांनी त्या क्षणी आपल्याच हाताने पाडलं.

गेल्या वर्षी काविळीचं निमित्त झालं. पनवेलच्या दवाखान्यात होत्या तेव्हा मामा, हाताला धरून न्यावं लागतं तरी, एकदा येऊन गेले. शहाळं घेऊन आले होते. पेला स्वतः धरला. ताई प्यायल्या. शेवटच्या दिवसांत ताई माझ्याशीही फारशा बोलल्या नाहीत, फक्त एकदा म्हणाल्या, "पडदा धुऊन टाक गं. मळलाय."

तो पडदा मी धुऊन परत लावला आहे.

अस्थी न्यायच्या दिवशी भावोजी अंगणात लाल फडक्याला गाठ मारत होते. ट्रेलर सोडून त्यांना काही वर्षं झाली, आता घरीच असतात. लाँचने न्यायच्या आणि मुंबईच्या समोर पाण्यात सोडायच्या, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. तिची मुंबई तिला दिसेल, असं कोणीतरी म्हणालं, आणि बायकांनी डोळे पुसले. मी भावोजींच्या जवळ गेले.

"भावोजी, लाँचनं नका नेऊ. ताईंना लाँच लागायची."

त्यांचा हात गाठीवरच थांबला.

"मग?"

"पनवेलवरनं बसनं न्या. तिकडं नदी हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं आम्ही एका घरात राहिलो, पण असं समोरासमोर आम्ही एकमेकांकडे तेव्हाच पाहिलं. त्यांच्या हाताला ती गाठ मारता येईना, मग मीच मारून दिली. ते गाठोडं पोटाशी धरून निघाले, मोऱ्याकडे न वळता सरळ एसटी स्टँडच्या रस्त्याने.

मामा ओट्यावर बसले होते. डोळ्यांनी कमी दिसतं, पण कान चांगले आहेत आणि मुलाची पावलं कुठे वळली ते त्यांना कळलं.

"ह्यो तिकरं कला चाललाय? मोऱ्याला न्हाय?"

"लाँच बंद हाय, मामा," मी म्हटलं.

दोरीवरचे कपडे सरळ खाली लोंबत होते. कुठे पान हलत नव्हतं. तेवढ्यात मोऱ्याहून सुटणाऱ्या लाँचचा भोंगा वाजला, लांबलचक आणि अगदी स्वच्छ. मामांनी तो संपेपर्यंत ऐकला. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"व्हय," म्हणाले. "आज वारा लय हाय."